डी ड्राइव्हमधला आवाज

देवगाव रंगारीच्या शिवारात कडूबाची हाक ठाऊक नाही असं माणूस सापडणं मुश्कील. नाल्याच्या अलीकडच्या काठावर उभं राहून त्यानं मेंढरांना आवाज दिला की पलीकडची मेंढरं चरायची थांबून माना वर करत, आणि त्यांच्याबरोबर पलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बायाही. "आमालाबी हाकतो का काय हा बाबा?" म्हणून त्या हसत. तो आवाज गेल्या वर्षी आधी बसला, मग फाटला. गावातल्या डॉक्टरची औषधं झाली, हळद-मध झाला, मौलवीसाहेबांचा ताईत झाला. शेवटी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घशातली गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सरळच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल.

कडूबाची धाकटी लेक सृष्टी तेव्हा शेजारी उभी होती. ती चिकलठाण्याला एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते आणि तिथंच एक खोली भाड्यानं घेऊन राहते. घरात डॉक्टरांची भाषा समजणारी तीच एक. बापाला बाहेर बाकड्यावर बसवून ती परत आत गेली, तेव्हा तिथल्या सिस्टरनं तिला बाजूला घेतलं.

"ऑपरेशनच्या आधी त्यांचा आवाज भरून ठेव. रोजची वाक्यं. पाणी दे, दुखतंय, इकडं ये, अशी. नंतर मोबाइलवर बटणं करता येतात. बटण दाबलं की त्यांच्याच आवाजात वाजतं. दुसऱ्याच्या आवाजात बोलायला माणसाला नको वाटतं गं."

सृष्टीनं रजा टाकली आणि गाव गाठलं. पहिल्या दिवशी कडूबा, तिचे आबा, मोबाइलकडे बघायलाही तयार नव्हते.

"मेल्यावर वाजवायला भरून ठेवतीस का?"

"मेल्यावर कशाला? जगल्यावर वाजवायला. बोला तुमी."

मग ते बोलले. एकदा बोलायला लागले ते थांबेचनात. कामाची वाक्यं झाली. मेंढरांच्या हाका झाल्या, पाण्यावर न्यायची वेगळी, वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावल्यावर आत घ्यायची वेगळी, कुत्र्याला परत बोलवायची वेगळी. थोरल्या लेकाला, हनुमानला, घालायच्या शिव्या झाल्या. आणि एका संध्याकाळी, सृष्टीची आई सारजाबाई पाणी आणायला गेलेली असताना, त्यांनी इकडंतिकडं बघून विचारलं, "नाव घेऊ का तिचं?" सृष्टीनं मान हलवली. उभ्या जन्मात 'अगं ए'च्या पुढं न गेलेल्या माणसानं खरखरत्या गळ्यानं म्हटलं, "सारजा." थोडं थांबून पुन्हा म्हटलं, "ए सारजा, बस की जरा."

सृष्टीचा मोबाइल जुना. चार गोष्टी भरल्या की तो भरून जायचा. म्हणून रोज संध्याकाळी ती सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यायची आणि मोबाइल मोकळा करायची. लॅपटॉपही सेकंडहँडच, पण त्यात डी नावाच्या कप्प्यात भरपूर जागा होती. आबांचा सगळा आवाज तिथं गेला. दुसरीकडं कुठंच नव्हता, आणि ही गोष्ट तेव्हा तिच्या मनातही आली नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टर खूश होते. आबा मात्र शुद्धीवर आले ते भिंतीकडं तोंड करून पडले. गळ्याला भोक, त्यात नळी, नाकातून दुसरी नळी, तिच्यातून पातळ खाणं. पहिल्यांदा त्यांनी हातवारे करून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. सारजाबाईला वाटलं चादर पाहिजे, तिनं चादर दिली. हनुमानला वाटलं उशी, त्यानं उशी सारखी केली. आबांनी उशी फेकून दिली. सिस्टरनं पाटी आणून दिली, पण आबांचं लिहिणं सहीपुरतं. त्या दिवसापासून त्यांनी हात हलवणंही सोडलं. शनिवारी त्यांनी नाकातली नळी ओढून काढली.

"बोलत नाय त्याचं नाय गं मला," वॉर्डाच्या दारात सारजाबाई लेकीला म्हणाली. "बघतबी नाय माझ्याकडं. असं माणूस फार दिवस काढत नसतंय, सिष्टे."

"माय, उद्या संध्याकाळी आणते आवाज. नक्की आणते," सृष्टी म्हणाली.

रविवारी सकाळी आपल्या खोलीवर आवाजाचे तुकडे करायला ती बसली आणि लॅपटॉपनं दगा दिला. एक वाक्य कापून झालं की सेव्ह करायच्या वेळेला पडद्यावर पाटी यायची, जागा नाही. तिनं नको ते सगळं पुसलं. पुन्हा तेच. ज्यानं लॅपटॉप विकला त्यानं आतल्या हार्ड डिस्कचे दोन कप्पे वेडेवाकडे पाडले होते. सी म्हणजे जिथून मशीन चालतं तो कप्पा एवढासा, आणि डी भलामोठा. सीची पट्टी लाल झाली होती. कापायचं सॉफ्टवेअर काम करता करता सीवरच पसारा मांडायचं, आणि तिथं तर पाय ठेवायला जागा नव्हती.

हनुमान तेवढ्यात दवाखान्यातून अंघोळीला आला होता. तो टेम्पो चालवतो, आणि टेम्पोवाल्याला प्रत्येक गोष्टीत आडवाट माहीत असते अशी त्याची समजूत आहे. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला.

"हे बघ. एका घरात दोन खोल्या. पुढची भरली, मागची मोकळी. मधली भिंत मागं सरकवायची, अजून काय? हा पोरगा पाच मिनिटात करून दाखवतोय."

व्हिडिओत दाखवलं तसं सृष्टीनं डी आवळला. तो चटकन आवळला गेला आणि बाजूला एक काळी पट्टी उमटली, मोकळी जागा म्हणून. पण सी वाढवायचं बटण दाबायला गेली तर ते फिकट, दाबताच येईना. ती बघत राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं. मोकळी जागा निघाली होती डीच्याही पलीकडं. मागच्या खोलीची मागची भिंत पुढं आली होती आणि परसात जागा पडली होती. पुढच्या खोलीला तिचा काय उपयोग?

"मग डी उचलून मागं नेऊन ठेव," हनुमान म्हणाला. "त्याचंबी सॉफ्टवेअर हाय. खाली लिंक दिली बघ त्यानं."

तेही उतरवून घेतलं. पडद्यावर डीचा निळा ठोकळा तिनं बोटानं ओढून उजवीकडं नेला, काळी पट्टी सीच्या शेजारी आली, सी रुंदावला. चित्रात सगळं झालं होतं. फक्त शेवटचं बटण दाबायचं होतं. ते दाबायच्या आधी एक चौकट आली. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होईल, काम पूर्ण होईपर्यंत वीज जाऊ देऊ नका, आणि महत्त्वाच्या माहितीची प्रत आधी काढून ठेवा.

"दाब की," हनुमान म्हणाला.

सृष्टीचं बोट तिथंच राहिलं. लॅपटॉपच्या चार्जरची पिन ढिली होती, जरा धक्का लागला की सुटायची. बॅटरी नावापुरती. आणि प्रत? प्रत कुठं होती?

"काऊन थांबली? आबा तिकडं नळ्या उपटायलेत आन् तू वाचत बसलीस!"

"गप बस जरा, भाऊ." तिनं मोबाइल उचलला आणि आमरीनला लावला.

आमरीन तिच्याच कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. राहायला रोशन गेटला. डबा दोघी एकत्र खातात, आणि सृष्टीच्या घरची सगळी कथा तिला पाठ आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बटण दाबलं?"

"नाय."

"नक्को दाबू. काहीच नक्को दाबू. ती खिडकी रद्द कर आणि लॅपटॉप जागचा हलवू नक्को. मी निकलतीच हूँ."

स्कूटी बाहेर लागली तेव्हा आमरीनच्या हातात एक छोटी बाहेरून जोडायची डिस्क होती आणि पाठीवर स्वतःचा लॅपटॉप. आल्या आल्या तिनं हनुमानला सलाम केला, पाणी नको म्हणाली आणि पडद्यासमोर बसली.

"हनुमानभाई, तुम्ही म्हणता ना भिंत सरकवायची? पण हे भिंत सरकवणं नाही. त्या खोलीतलं सगळं सामान एकेक उचलून पलीकडं ठेवायचं असतं. आणि ज्या घडीला एखादं सामान हातात असतं, त्या घडीला ते ना इथं असतं ना तिथं. तेव्हाच लाईट गेली तर? आधी दुसऱ्या घरात सगळ्याची एक प्रत. मग ती प्रत उघडून बघायची, खरंच आहे का. मग भिंती."

"आन् किती वेळ जातो त्यात?"

"आवाजच आहे. फार नाही लागणार."

तिनं डिस्क जोडली आणि आबांचा मोठा फोल्डर धरून तिकडं टाकला. हिरवी पट्टी पळत सुटली. हनुमानला पिन अंगठ्यानं दाबून धरायचं काम मिळालं होतं. तो जमिनीवर उकिडवा बसून तारेला अंगठा लावून होता, आणि तोंडानं काहीबाही पुटपुटत होता.

मग पट्टी थांबली.

तिघांनी कान दिला. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि त्याच्या खाली दुसरा एक आवाज, लॅपटॉपच्या पोटातून येणारा. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. घड्याळासारखा, पण घड्याळासारखा सरळ नाही, अडखळणारा. पडद्यावर पाटी आली की ही फाईल वाचता येत नाही.

आमरीननं लगेच प्रत काढणं थांबवलं. डिस्कची तब्येत दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर तिनं पेनड्राइव्हवर आणलं होतं, ते लावलं. पिवळा रंग आला. तिनं दोन आकडे वाचले आणि ओढणी डोक्यावरून सारखी केली. सृष्टीला तिची ही खोड माहीत होती. मशीन बंद पडून लाईन थांबली की कारखान्यातही ती असंच करायची.

"काय झालं गं?"

"डिस्क मरतेय, सृष्टी. जागोजाग खराब झालीय. आधीपासूनच असणार. मघाशी तू ते बटण दाबलं असतंस ना, तर डी उचलताना ती मध्येच कुठंतरी अडकली असती. अर्धं इथं, अर्धं तिथं." ती थांबली. "मग काहीच राहिलं नसतं."

आपण दाबणारच होतो, हे सृष्टीला ठाऊक होतं. हनुमाननं खाली मान घातली, पण अंगठा काढला नाही.

"आता दोन रस्ते आहेत," आमरीन म्हणाली, आणि आता तिच्या बोलण्यात घाई नव्हती. "एक, या मिनिटाला बंद करायची आणि पुण्याला पाठवायची. असल्या डिस्क उघडून माल काढणारी माणसं असतात तिथं. तो सगळ्यात सेफ रस्ता. पण दिवस लागतील, कदाचित महिना. आणि ते पण वादा करत नाहीत. दुसरा, जेवढा वेळ हिचा श्वास आहे तेवढ्यात थोडं थोडं काढून घ्यायचं. पण प्रत्येक फाईल वाचताना ती अजून झिजणार. मी तुला सांगू शकत नाही काय कर म्हणून. तू सांग."

सृष्टीच्या डोळ्यांपुढं भिंतीकडं वळलेली पाठ आली. शनिवारी ओढून काढलेली नळी आली.

"महिना नाय थांबता येणार," ती म्हणाली. "थोडं थोडं काढू. लई आवाज करायला लागली की बंद करू."

"ठीक. मग सगळा गठ्ठा नाही उचलायचा. लहान फोल्डर, एकेक. आधी कुठला?"

आता पडद्यावर नुसती नावं होती. सृष्टीनंच दिलेली. दवाखाना. माय. भाऊ. मेंढरं. मी. ही नावं देताना तिला वाटलंही नव्हतं की यांतून एक निवडायची वेळ येईल.

"मेंढरं घे," हनुमान खालून म्हणाला.

"मेंढरं? भाऊ, आबा तिकडं खाटेवर हायेत."

"मंग? घरी येणारच हायेत का नाय? म्या हाक देतो तर मेंढरं माझ्याकडं ढुंकून बघत नाहीत. मागल्या आठवड्यात दोन कोकरं नाल्यात गेली. आबा घरी आले आन् त्यांच्या हाकंला मेंढरू आलं नाय, तर ते आजच मेल्यासारखं हाय त्यांच्यासाठी. पाणी पाहिजे का नको, ते मान हलवून सांगता येतं माणसाला!"

"मान हलवत नायेत ना ते! तेच तर चाललंय!"

टक्, असं लॅपटॉप म्हणाला. दोघंही पडद्याकडं वळली. आमरीन म्हणाली, "भांडायला वेळ नाही आपल्याकडं."

सृष्टीनं आईला फोन लावला. वॉर्डातला गलबला ऐकू आला, मग सारजाबाईचा आवाज. सृष्टीनं थोडक्यात सांगितलं, मशीन बिघडतंय, सगळं निघेल असं नाही, आधी काय घेऊ.

"काय काय हाय त्याच्यात?"

"दुखतंय-खुपतंय हाय. मेंढरांच्या हाका हायेत. भाऊला शिव्या हायेत. आन् माय… तुपलं नाव घेतलंय त्यांनी."

पलीकडं कुणाच्या तरी खाटेचं चाक करकरलं.

"माझं?" सारजाबाई म्हणाली. "खरं?"

"व्हय."

"राहू दे ते," ती म्हणाली. "आधी त्याच्या जिवाचं घे. दुखतंय ते घे."

'दवाखाना' निघाला. हळूहळू, मध्ये दोनदा अडखळून, पण निघाला. आमरीन लगेच पुढच्याला हात लावेना. तिनं बाहेरच्या डिस्कवरची प्रत स्वतःच्या लॅपटॉपला जोडली आणि एक फाईल उघडून वाजवली. "नाव दिसलं म्हणजे आत आवाज आहे असं नसतं," ती म्हणाली.

"पाणी दे गं," आबा खोलीत म्हणाले.

हनुमानला ते अपेक्षित नव्हतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तो बापाचा आवाज ऐकत होता. तो दचकला आणि अंगठा निसटला. पिन सुटली. सृष्टीच्या लॅपटॉपचा पडदा अंधारला आणि कोपऱ्यातली बॅटरी एकदम लाल झाली.

"भाऊ!"

त्यानं दोन्ही हातांनी पिन धरून परत घातली. नाही लागली. वाकडी करून घातली. पडदा उजळला. लॅपटॉप बंद पडला नव्हता. हनुमानच्या कपाळावर घाम आला होता आणि तो तसाच, दोन्ही हातांनी पिन धरून, जणू बोलला तर सुटेल अशा भीतीनं ओठ मिटून बसला.

मायचा फोल्डर छोटासा होता, तो तर एका दमात आला. सृष्टीनं तो वाजवला नाही. आमरीननं कानाला हेडफोन लावून ऐकलं आणि मान डोलावली. 'भाऊ' आला. त्याला मात्र वेळ लागला, आणि आता टकटक थांबून थांबून नव्हती, लागोपाठ होती. लॅपटॉपचा तळ तापला होता. आमरीननं एक ओला नाही पण गार फडका दुमडून खाली सरकवला.

"अजून एखादा निघेल," ती हळूच म्हणाली. "दोन निघतील असं मला वाटत नाही. 'मेंढरं' मोठा आहे. 'मी' लहान आहे. लहान आधी घेतला तर…"

'मी'मध्ये काय होतं ते सृष्टीला तोंडपाठ होतं. आबा तिचं नाव कधी नीट घेऊ शकले नाहीत. शाळेत घालताना मास्तरांनी ठेवलेलं ते नाव त्यांच्या जिभेला वळायचं नाही. सिष्टे, म्हणायचे. त्यात तिला लहानपणी खांद्यावर घेऊन कन्नडच्या घाटात मेंढरं नेली तेव्हाची गोष्ट होती, आणि शेवटी ते हसले होते, ते हसू होतं.

खाली हनुमान पिन धरून बसला होता. पुन्हा मेंढरं म्हणाला नाही. त्यानं नुसतं वर बघितलं आणि परत पिनकडं बघायला लागला. सृष्टीला वाटलं, तो बोलला असता, भांडला असता, तर सोपं गेलं असतं.

"मेंढरं घे," ती म्हणाली.

"सृष्टी, तुझं…"

"घे म्हणते ना. माझं मागनं."

पट्टी सरकू लागली. पाण्यावर न्यायची हाक गेली. आत घ्यायची हाक गेली. एका फाईलवर पट्टी इतकी थांबली की आमरीननं बंद करायला हात पुढं केला, तोच ती पुढं सरकली. कुत्र्याची हाक गेली. मग पोटातून एक वेगळाच आवाज आला, घासल्यासारखा, आणि पडद्यावरून डी नाहीसा झाला. खिडकी रिकामी. नावच नाही.

आमरीननं बटण दाबून धरलं आणि लॅपटॉप बंद केला. टकटक थांबली.

"परत चालू कर ना एकदा," सृष्टी म्हणाली. "एकदाच. लहानच हाय तो."

"नक्को." आमरीननं लॅपटॉपचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवला. "आता चालू केलं तर उरलंय तेही खरवडून निघेल. पुण्याला पाठवू. त्यांना काही मिळायचं असेल तर ते बंद डिस्कमधूनच मिळेल. समजून घे."

सृष्टीनं समजून घेतलं. म्हणजे ती उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि परत आली.

पुढचं काम आमरीनच्या लॅपटॉपवर झालं. आधी तिनं निघालेल्या सगळ्याची आणखी एक प्रत तिच्या लॅपटॉपवर ठेवली आणि मगच कापायला घेतलं. वाक्यं सुटी झाली, मोबाइलवर चौकोनी बटणं झाली, प्रत्येकावर आबांना कळेल असं चित्र. मेंढरू, तांब्या, बाई, टेम्पो. दुपार उतरली तेव्हा तिघांनी उभ्याउभ्याच चहा घेतला. हनुमानच्या अंगठ्यावर पिनेचा लाल खड्डा पडला होता. "एक विचारू?" तो आमरीनला म्हणाला. "त्या भिंती नेमक्या कवा सरकवायच्या असत्यात?"

"घर रिकामं असताना," आमरीन म्हणाली. "नवी डिस्क टाकू ना तिला, तेव्हा आधी कप्पे पाडू, मग माल भरू. आणि भरल्या घरात करायचंच असलं तर सगळा माल आधी दुसरीकडं नेऊन, मोजून, मग."

भेटीच्या वेळेला ते वॉर्डात पोचले. आबा तसेच, भिंतीकडं. सृष्टीनं खाटेच्या कडेला उभं राहून मोबाइल पुढं केला, पण काय दाबावं ते तिला सुचेना. हनुमाननंच बोट पुढं करून टेम्पोचं बटण दाबलं.

"हनम्या, ऊठ की रे! सूर्य ढुंगणावर आला!"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठला. कुणीतरी हसलं. आबांची पाठ ताठ झाली. ते वळले नाहीत. उलट हळूच चादर वर ओढून त्यांनी ती डोक्यावरून घेतली.

आपण हे करायला नको होतं, मेलेल्या माणसाला त्याचाच आवाज ऐकवल्यासारखं झालं, असं सृष्टीला वाटलं. सिस्टर दारातून बघत होती.

सारजाबाईनं लेकीच्या हातातला मोबाइल घेतला. तिला बटणांतलं काही कळत नव्हतं. बाईचं चित्र बघून तिनं ते दाबलं.

"सारजा," असं मोबाइल म्हणाला. "ए सारजा, बस की जरा."

ती खरंच बसली. खाटेच्या कडेला, पदर तोंडाला लावून. चादरीखाली हालचाल झाली. आबांनी चादर खाली केली, मान वळवली आणि किती तरी दिवसांनी बायकोकडं बघितलं. मग त्यांनी हात पुढं केला. सारजाबाईनं मोबाइल दिला. ते चित्रांवरून बोट फिरवत राहिले, दाबलं नाही, नुसतं एकेका चित्रावर ठेवत गेले, खरेदीला आलेला माणूस मेंढरांच्या पाठीवर हात ठेवतो तसं. मग एकावर थांबले आणि दाबलं.

"दुखतंय."

"कुठं?" सिस्टर पुढं झाली.

"दुखतंय," पुन्हा दाबलं, आणि दुसरा हात मानेच्या मागं नेला, कानाखाली.

सिस्टरनं वाकून बघितलं. गळ्यातली नळी बांधलेली पट्टी मागच्या बाजूला आवळली जाऊन कातडीत रुतली होती. खाली चांगली जखम झाली होती. आबांनी पहिल्या दिवशी हातवारे केले होते ते ह्याचेच. चादरीचे नव्हते की उशीचे नव्हते. सिस्टरनं पट्टी सैल केली, मलम लावलं, मऊ कापडाची घडी घातली. "सांगितलं का नाही, असं तरी कसं म्हणू तुम्हाला," ती म्हणाली. आबांनी डोळे मिटले आणि गळ्याच्या भोकातून एक लांब श्वास सुटला.

थोड्या वेळानं डोळे उघडून त्यांनी परत मोबाइल घेतला. मेंढराचं चित्र दाबलं आणि पाण्यावर न्यायची हाक साऱ्या वॉर्डात घुमली. हनुमान खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. आबांनी सगळी चित्रं पुन्हा तपासली, वरपासून खालपर्यंत. मग सृष्टीकडं बोट केलं, मोबाइलकडं केलं, आणि भुवया वर केल्या.

"माझं नाय निघालं, आबा," ती म्हणाली. "मशीनमधी अडकलं. पाठवायचंय पुण्याला. निघलं तर निघलं."

ते तिच्याकडं बघत राहिले. ओठ हलले, सवयीनं, आणि त्यातून नुसती हवाच गेली. त्यांना ते कळलं. तोंड मिटून त्यांनी मोबाइलवर बोट फिरवलं, तांब्याच्या खालचं एक बटण शोधलं आणि दाबलं.

"इकडं ये गं."

सृष्टी पुढं गेली.